खेळातलं घर, खेळातली भटकंती : खेळाडूंच्या तक्रारी कशा वाचाव्यात?

आधी एक खुलासा करतो. बोलायला उभा मी एकटा असलो, तरी हे टिपण आम्हा चौघांनी मिळून केलेलं आहे, त्यामुळे बोलताना ‘आम्ही’ असंच येईल. आम्ही चौघंही बरीच वर्षं ऑनलाइन काल्पनिक-अद्भुत खेळ खेळत आलोय. म्हणजे ते तलवारी, जादू, ड्रॅगन आणि हजारो लोक एकाच जगात, असे खेळ. पण आज तलवारींबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं ते त्या जगातल्या घरांबद्दल आणि त्या जगातल्या भटकंतीबद्दल. आणि तेही खेळाडूंच्या तक्रारींच्या वाटेनं.

तक्रारीच का? पुस्तकाची समीक्षा वाचून लेखक ते पुस्तक पुन्हा लिहीत नाही. नाटकात प्रेक्षक कंटाळले तर फार तर चार वाक्यं कापली जातात. ऑनलाइन खेळात मात्र खेळाडू ओरडतात आणि सहा महिन्यांनी जगाचा नियमच बदललेला असतो. या माध्यमात तक्रार हीच समीक्षा असते, आणि ती परिणाम करणारी समीक्षा असते. म्हणून ती नीट वाचायला हवी. आमचं म्हणणं असं की ती बहुतेक वेळा नीट वाचली जात नाही. बनवणारे वाचत नाहीत, आणि खेळाडू स्वतःसुद्धा वाचत नाहीत.

सुरुवात जुन्या उदाहरणापासून करू. 1997 साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. त्यात घर म्हणजे खरोखर जगातली जमीन. सपाट जागा शोधायची, घराचा कागद घ्यायचा आणि तिथं घर उभं करायचं. दुसऱ्या कुणाला मग त्या जागेवर बांधता येत नाही. आता हे ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय झालं? जमीन संपली. जंगलाच्या कडेला, रस्त्याच्या काठाला, जिथं म्हणून चार खांब बसतील तिथं घरं. सुरुवातीच्या काळात घराची किल्ली ही झोळीतली साधी वस्तू होती. कुणी तुम्हाला मारून झोळी लुटली, की तुमचं घरही गेलं. शिवाय मालक बराच काळ फिरकला नाही की घर जीर्ण होत जायचं आणि शेवटी कोसळायचं. कोसळायला आलेल्या घराभोवती लोक गोळा होऊन वाट बघत बसायचे, आतलं सामान लुटायला. 2000 साली बनवणाऱ्यांनी त्याच भूमीची दुसरी प्रत काढली, जिथं तुमच्या मर्जीविरुद्ध कुणी तुमच्यावर हल्ला करू शकत नव्हतं. तिथल्या मोकळ्या जमिनीवर लोकांनी अक्षरशः धाव घेतली.

म्हणजे बघा, पहिल्या तीन वर्षांतच सगळे प्रश्न येऊन गेले होते. जागा पुरत नाही. घर सुरक्षित नाही. मालक आला नाही तर घराचं काय करायचं. आणि घरांनी जंगल भरून गेलं तर भटकायचं कुठं. पुढच्या पंचवीस वर्षांत तक्रारी याच राहिल्या, फक्त खेळांची नावं बदलली.

आता आजच्या मुख्य उदाहरणाकडे येतो. ‘फायनल फँटसी फोर्टीन’. 2010 साली हा खेळ आला आणि आपटला. मग नाओकी योशिदा यांच्या हाताखाली तो जवळजवळ नव्यानं बांधला गेला आणि 2013च्या ऑगस्टमध्ये पुन्हा आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यात घरं आली, तीसुद्धा आधी एकेकट्यासाठी नव्हे, तर गटांसाठी. दर असे, की मोठ्या प्लॉटला कोट्यवधी गिल. गिल म्हणजे तिथलं चलन. लोक भडकले. वैयक्तिक घरं 2014च्या ऑक्टोबरमध्ये आली, आणि मग भलताच पेच पडला. पैसे असलेले लोक होते, पण प्लॉट नव्हते.

कारण त्या खेळातली वस्ती ही खरी वस्ती आहे. एका वॉर्डात 60 प्लॉट, तीस एका भागात, तीस त्याच्या जोडभागात. समुद्रकिनाऱ्यावरची वस्ती आहे, झाडीतली आहे, दगडी दरीतली आहे. तुम्ही घरातून बाहेर पडलात की शेजाऱ्याचं अंगण दिसतं. त्यानं पिशाच्चांचा बंगला केलाय, पलीकडच्यानं चहाचं दुकान थाटलंय. कोपऱ्यावरचा प्लॉट, समुद्राकडे तोंड असलेला प्लॉट, याला भाव आहे. आपल्याकडे ‘घर पाहावे बांधून’ म्हणतात. तिथं बांधण्याच्या आधीच दमछाक व्हायची. मधल्या काही वर्षांत पद्धत अशी होती की रिकामा झालेला प्लॉट ताबडतोब विकला जात नसे, एक गुप्त मुदत असे. ती कधी संपेल ते कुणालाच ठाऊक नाही. मग लोक काय करायचे? प्लॉटसमोरच्या पाटीशी उभं राहून तास न् तास क्लिक करत बसायचे. दहा-पंधरा जणांचा घोळका, सगळे एकाच पाटीवर. काहींनी क्लिक करणारे प्रोग्राम लावले. ज्याची नोकरी आहे, ज्याला लहान मूल आहे, तो या शर्यतीत हरलेलाच.

2022च्या एप्रिलमध्ये सोडत आली. मुंबईतल्या माणसाला सोडत समजावून सांगायची गरज नाही. अर्ज भरायचा, अनामत भरायची, म्हाडाच्या यादीत नाव शोधावं तसं नाव शोधायचं. पाच दिवस अर्ज, चार दिवस निकाल, पुन्हा पाच दिवस अर्ज. पहिल्याच फेरीत गोंधळ झाला. कित्येक प्लॉटवर अर्ज असूनही विजेता क्रमांक शून्य आला, म्हणजे कुणीच जिंकलं नाही. दुरुस्तीला मे उजाडला. पण त्या गोंधळातसुद्धा एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. लोक चिडले ते चुकीवर. सोडतीच्या कल्पनेवर पूर्वीइतके चिडले नाहीत. नशिबानं घर गेलं हे माणूस सोसतो. दुसऱ्याकडे क्लिक करायला वेळ होता म्हणून गेलं, हे त्याला सोसत नाही. ‘घर मिळत नाही’ या तक्रारीत खरं म्हणजे दोन तक्रारी असतात, टंचाईची आणि अन्यायाची. त्या वेगळ्या वाचल्या तर उपायही वेगळे निघतात.

आता दुसरा, आमच्या मते जास्त गंभीर मुद्दा. 45 दिवसांचा नियम. या खेळात 45 दिवस तुम्ही घरात पाऊल टाकलं नाही, तर घर पाडलं जातं. सामान आणि जमिनीच्या किमतीचा काही भाग ठरावीक मुदतीत परत घेता येतो. पण प्लॉट गेला. नियमामागचा तर्क उघड आहे, आणि तो खोटा नाही. लोक खेळ सोडून जातात, घरं धूळ खात पडतात आणि बाहेर रांग लागलेली असते. कोविडच्या काळात आणि 2024च्या जानेवारीतल्या नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतर कंपनीनं ही पाडापाडी तात्पुरती थांबवली. हे माणुसकीचं झालं. पण त्यातूनच नियमाचं मर्म कळतं. भूकंप झाला तर सूट आहे. वडील आजारी पडले तर सूट नाही.

इथं आमच्यातलीच एक गोष्ट सांगतो. खेळ कोणता ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या खेळाचा नाही. आमच्यातल्या एकाचे वडील तीन महिने रुग्णालयात होते. ते गेले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो खेळात परत आला. त्याच्या घराच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं, दारात भोपळ्यांचे दिवे लावलेलं. आता, त्या घराची किंमत काय होती? पैशात काहीच नाही. पण त्या घरात एक खोली होती. त्याच्या वडिलांनी एकदा पाठीमागे उभं राहून सांगितलं होतं, “ती खुर्ची खिडकीपाशी घे, तिथं उजेड आहे.” आणि त्यानं ती घेतली होती. वडिलांनी त्या खेळाला लावलेला तेवढाच हात. तो आम्हाला म्हणाला, “नियम मला माहीत होता. माझी तक्रार नाही.” आम्हाला वाटतं, तक्रार होती. त्याला ती मांडायला शब्द नव्हते, कारण अभिप्रायाच्या चौकटीत अशा गोष्टीला रकाना नसतो.

म्हणून आमचं म्हणणं असं की जमीन आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी मानायला हव्यात. जमीन मर्यादित असेल, तर ती रांगेतल्या पुढच्या माणसाला द्या, आमची हरकत नाही. पण घर, म्हणजे खुर्ची कुठं होती, दिवा कुठं होता, ही मांडणी म्हणजे संगणकातली एक नोंद आहे. ती ठेवायला जागा लागते तरी किती? पत्ता काढून घ्या, मांडणी जपून ठेवा, माणूस परतला की दुसऱ्या पत्त्यावर तशीच उभारू द्या. सामानाचं गाठोडं परत मिळणं म्हणजे घर परत मिळणं नव्हे. घर बदललेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग टंचाईच कशाला? प्रत्येकाला स्वतंत्र घर द्या, मोजायचंच नाही. तेही झालेलं आहे. याच खेळात 2016 साली अपार्टमेंट आली, एका इमारतीत 90 खोल्या, पाच लाख गिलला एक, आणि ती पाडलीही जात नाहीत. सोय झाली. पण कुणी अपार्टमेंटला घर मिळालं असं म्हणताना फारसं ऐकू येत नाही. अंगण नाही, दर्शनी भाग नाही, शेजारी म्हणजे यादीतलं एक नाव. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’नं 2017च्या फेब्रुवारीत घरं आणली, ती अशीच. प्रत्येकाच्या घराची स्वतंत्र प्रत, त्यामुळे जागा संपण्याचा प्रश्न नाही. घरं देखणी. पण कित्येक घरं खऱ्या पैशांच्या दुकानात, आणि घरात किती वस्तू मांडायच्या याची मर्यादा मासिक वर्गणी भरणाऱ्याला दुप्पट. म्हणजे जमिनीची टंचाई गेली आणि तिच्या जागी खिशाची टंचाई आली. आणि रस्त्यावरून जाताना सहज दिसावं असं दुसऱ्याचं अंगण मात्र गेलं.

इथून भटकंतीकडे वळतो. कारण घराची तक्रार आणि भटकंतीची तक्रार या एकाच दाराच्या दोन बाजू आहेत, असं आम्हाला वाटतं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा 2014चा विस्तार, ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’. त्यात खेळाडूला गॅरिसन मिळाली, म्हणजे स्वतःची छावणी. लोकांनी वर्षानुवर्षं घर मागितलं होतं, त्याचं हे उत्तर. त्यात खाण होती, औषधी वनस्पतींचा मळा होता, कारागिरांच्या झोपड्या होत्या आणि एक टेबल होतं, त्यावरून आपले साथीदार मोहिमेवर पाठवायचे. सगळं दारात. महिन्याभरात खेळाडूंच्या ध्यानात आलं, की बाहेर पडायला कारणच उरलेलं नाही. आणि शहरं ओस. जो तो आपापल्या छावणीत, टेबलाशी उभा. सजवायला म्हणावं तर फारसं काही नाही. एका बाजूच्या सगळ्यांच्या छावण्या एकाच ठिकाणी, जवळपास एकसारख्या.

त्याच विस्तारात दुसरा वाद पेटला तो उडण्याचा. 2007 पासून या खेळात उडती वाहनं होती. नव्या भूमीत ती बंद ठेवली गेली, आणि 2015च्या मे महिन्यात कंपनीनं सांगितलं की यापुढे नव्या प्रदेशांत उडणं देण्याचा विचार नाही. कारण दिलं ते भटकंतीचं. उडता आलं की माणूस वरून निघून जातो, त्याला जग दिसत नाही. खेळाडूंनी असा गदारोळ केला की जूनमध्ये निर्णय फिरवावा लागला. ठरलं असं, की आधी सगळे प्रदेश पायी पालथे घाला, शंभर खजिने शोधा, कथा पूर्ण करा, आणि मग उडा. त्या काळात वर्गणीदारांचा आकडा विस्ताराच्या आरंभीच्या एक कोटीवरून 2015च्या मध्यात 56 लाखांवर आला होता. याचं सगळं खापर उडण्यावर किंवा छावणीवर फोडणं चुकीचं होईल. पण दोन्ही तक्रारी एकाच वेळी आल्या, हा योगायोग आम्हाला वाटत नाही.

कसं ते सांगतो. खेळाडू एका तोंडानं म्हणत होते, “घरात बसून कंटाळलो.” दुसऱ्या तोंडानं म्हणत होते, “बाहेर पायी हिंडायला लावू नका.” वरवर बघता हा आडमुठेपणा. बनवणारे असं म्हणालेही असतील मनात, की यांना नेमकं हवंय काय? पण नीट वाचलं तर विसंगती नाही. घरात सगळं मिळत होतं, म्हणून बाहेरून आणण्यासारखं काही नव्हतं. आणि बाहेरून काही आणायचं नसेल, तर डोंगर ओलांडणं म्हणजे नुसतं ओझं. मग उडून गेलेलं काय वाईट? लोक उडणं मागत होते ते आळसानं नव्हे. त्या वाटेवर आपलं काही राहिलेलं नाही, एवढंच ते सांगत होते.

याच्या उलट उदाहरण पुन्हा ‘फायनल फँटसी फोर्टीन’चं. त्याच 2015च्या जूनमधल्या विस्तारात तिथं उडणं आलं, पण अटीसह. प्रत्येक प्रदेशात वाऱ्याचे प्रवाह शोधायचे. दहा उघड्या रानात, पाच कामगिऱ्यांतून. सगळे सापडले की त्या प्रदेशात उडता येतं. यावरही कुरकूर झाली, नाही असं नाही. पण बंड झालं नाही. कारण अट पहिल्या दिवसापासून माहीत होती, आणि पायी हिंडण्याच्या टोकाला आकाश होतं. वॉरक्राफ्टनं शेवटी अट घातली ती जवळपास तशीच. पण आधी ‘नाही’ म्हणून, मग दबावाखाली. खेळाडूंना ती शिक्षा वाटली. तीच गोष्ट दिलेल्या वचनासारखीही वाटू शकते आणि दंडासारखीही, आणि फरक फक्त सांगण्याच्या क्रमाचा असतो.

पुढे 2022 साली वॉरक्राफ्टनं ड्रॅगनवरून उडण्याची नवी पद्धत आणली. त्यात वेग राखावा लागतो, सूर मारावा लागतो, उंची कमवावी लागते. उडणं हेच भटकंती झालं. सात वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाचं आम्हाला दिसलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हे. ‘उडू द्यायचं की नाही’ हा प्रश्नच चुकीचा होता. वाट अंगाला लागते की नाही, हा खरा प्रश्न होता.

आणि मग घर. 2025च्या आरंभी वॉरक्राफ्टच्या बनवणाऱ्यांनी आपल्या येऊ घातलेल्या घरांबद्दल लिहिताना स्पष्ट केलं, की अवाच्या सवा दर नाहीत, सोडत नाही, देखभालीचा जाच नाही, आणि वर्गणी थांबली म्हणून घर जाणार नाही. रोख कुणाकडे होता ते सगळ्यांना कळलं. त्यांनी वस्त्याही ठेवल्या, पन्नासेक प्लॉटच्या, आणि वस्ती भरली की नवी वस्ती उघडायची. दुसऱ्याच्या खेळातल्या तक्रारी वाचून यांनी आपलं घर बांधलं, हे कौतुकास्पद आहे. सजावटीच्या वस्तू जुन्या मोहिमांतून, जुन्या प्रदेशांतून मिळवायच्या ठेवल्या, हे त्याहून जास्त. वीस वर्षांच्या त्या जगात लोक पुन्हा हिंडायला लागले, एखाद्या दिव्यासाठी, एखाद्या टेबलासाठी.

इथं आमचा निकष सांगतो. खेळातल्या घराची परीक्षा घराच्या आत होत नाही. उंबरठ्यावर होते. बाहेरून आत काय येतं, आणि आतून बाहेर जावंसं वाटतं का? ‘फायनल फँटसी’मध्ये एक बारीकशी सोय आहे. तुम्ही एखादं निसर्गस्थळ स्वतः जाऊन नोंदवलं असेल, तरच तुमचा चाकर त्या स्थळाचं चित्र तुमच्यासाठी शोधून आणू शकतो. ते चित्र घरात लावायचं. एवढंच. पण भिंतीवरचं ते चित्र बघताना आपण तिथं कधी उभे होतो ते आठवतं. त्या एका चित्रात घर आणि भटकंती दोन्ही आहेत. गॅरिसनच्या खाणीत ते नव्हतं.

खेळाडूंबद्दलही दोन शब्द बोललेच पाहिजेत, नाहीतर आम्ही आमच्याच लोकांची बाजू घेतल्यासारखं होईल. आपण घरात बँक मागतो, बाजार मागतो, दुरुस्तीवाला मागतो. प्रत्येक मागणी वेगळी घेतली तर रास्त. सगळ्या मिळून शहर मरतं. आणि मग आपणच म्हणतो, चौकात कुणी दिसत नाही. हे दुखणं केवळ खेळातलं नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता वेळ संपत आलीय. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेतो. ‘खरी घरं मिळत नसताना खोट्या घरांवर एवढं बोलायचं का?’

प्रश्न चांगला आहे, आणि टोचणारा आहे. उत्तर असं की आम्हा चौघांपैकी तिघं भाड्यानं राहतात. तिथं खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारावं लागतं. खेळातल्या घरात कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही तिथं खुर्ची खिडकीपाशी हलवतो. पण जरा पुढं जाऊन बघितलं की कळतं, तिथंही आम्ही भाडेकरूच आहोत. वर्गणी थांबली, सर्व्हर बंद झाला, नियम बदलला, की दार बंद. या खेळाचं सर्व्हर-केंद्र भारतात नाही. आमचं घर दुसऱ्याच देशातल्या यंत्रावर आहे आणि त्याच्या कराराखाली आम्ही न वाचता ‘मान्य’ म्हटलेलं आहे. ‘खोटं घर’ म्हणून हा विषय सोडून दिला, तर हे भाडेकरार कसे लिहिले जातात ते कुणी बघणारच नाही. आणि खेळ हीच एक जागा आहे जिथं भाडेकरूंनी ओरडून नियम बदलून घेतल्याचं आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या त्या मित्रानं अजून नवं घर घेतलेलं नाही. सोडतीत नाव घालत नाही. सध्या तो नुसता हिंडतो. परवा म्हणाला, एक किनारा सापडलाय, दुपारी उजेड छान असतो. आम्ही त्याला विचारलं नाही, की तिथं प्लॉट आहे का.